वारा पडलेली पहाट

आमच्याकडे उभ्या उसाला आग लागते तेव्हा ती बहुतेक वेळा लावलेली असते. हे गावात सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. कारखान्याचा तोडणीचा कार्यक्रम असतो. कुणाचा ऊस कधी तुटणार हे लागणीच्या तारखेवरून ठरतं, निदान कागदावर तरी. पण जळालेला ऊस थांबत नाही, दिवसागणिक वाळत जातो. म्हणून जळीत ऊस कारखाना आधी उचलतो. दरात थोडी कपात होते, पण रान मोकळं होतं. ज्याची पाळी फार लांबते तो अखेर काडी ओढतो आणि दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या गट ऑफिसात अर्ज देतो की आग अपघातानं लागली.

आमच्या घरानं हे एकदाच केलं. काडी माझ्या थोरल्या भावानं ओढली. अर्ज मी लिहिला आणि वेळही मीच सांगितली. वहिनी गेली त्याला पुष्कळ वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात दादाही गेला, म्हणून आता हे लिहिता येतं. तो असेपर्यंत मला लिहिण्याची मोकळीक नव्हती. का नव्हती ते पुढं येईल.

नव्वदीच्या दशकातली पहिली वर्षं होती. बारामतीहून कन्हेरीच्या बाजूनं पुढं जाणारी एसटी आम्हाला फाट्यावर सोडायची. तिथून गाव चढावर, आणि आमची वस्ती खाली, ओढ्याच्या काठाला. जागा सखल. वडलांनी छप्पन सालानंतर धम्म स्वीकारला होता, आणि त्याचा त्यांनी लावलेला अर्थ एका वाक्यात मावायचा: घरातलं एकही पोर शाळेबाहेर राहता कामा नये. तरी दादाला सातवीतून काढावं लागलं, कारण दोघांना शिकवणं जमत नव्हतं. तो रानात राहिला आणि मी शिकलो. जवळच्याच गावातल्या हायस्कुलात मी भूगोल शिकवू लागलो. लग्न केलं नाही. घरात दादा, वहिनी, त्यांची एकुलती एक मुलगी आणि मी.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी सातवीत होतो. तेव्हाही ती मला ‘भावजी’ म्हणायची आणि ‘तुमी’ म्हणायची, आणि वस्तीतल्या बायका त्यावरून तिची चेष्टा करायच्या. बारा-तेरा वर्षांच्या पोराला अहोजाहो. ती म्हणायची, “मोठं व्हणारच हायत, मग आत्तापास्नंच सवय.” माझी शाळेची भाकरी तिनं बांधली. पुढं कॉलेजात बारामतीला खोली घेतली तेव्हा आठवड्याला फाट्यापर्यंत चालत येऊन कंडक्टरच्या हाती डबा द्यायची. दोन म्हशी होत्या, त्यांचं सगळं तिच्याकडं होतं. शिवाय भांगलणीची, म्हणजे तण काढण्याची, टोळी होती तिची, आठ-दहा बायकांची. उसाच्या सरीत ती पुढं चालायची आणि तिचा आवाज दोन रानं पलीकडं जायचा.

तो आवाज बसायला लागला तेव्हा आम्ही आधी थंडीला दोष दिला. मग चुलीला. पहाटे उठून ती खोकायची, बसून राहायची आणि कामाला लागायची. एका दिवाळीनंतर मी तिला बारामतीला छातीच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर वयस्कर होते, थट्टेखोर. त्यांनी नळी लावून बराच वेळ ऐकलं. “धुराचं काम आहे,” ते म्हणाले. “चुलीपुढं किती वर्षं?”

“आठ-नऊ वर्षांची असल्यापास्नं,” वहिनी म्हणाली.

“हंगाम सुरू झाला की माझाही हंगाम सुरू होतो, मास्तर,” ते माझ्याकडं वळून म्हणाले. “फलटणहून येतात, इंदापूरहून येतात, दौंडहून येतात. कुणी पाचट पेटवतं, कुणी ऊस पेटवतं, नीरेच्या अलीकडचा धूर पलीकडं जातो आणि पलीकडचा इकडं येतो. आणि सगळे मला सांगतात, डॉक्टर, हवा बाधली.”

वहिनीनं विचारलं, “आमच्या अंगणात काळी काजळी पडती, त्यानं असंल का? मी रोज झाडून काढती.”

“ती पडते ती बरी. दिसते, नाकात अडते, खाकरून बाहेर येते. दिसत नाही असा बारीक कण असतो, तो वाईट. तो खाली उतरतो आणि तिथंच मुक्काम करतो.”

“दिसतच न्हाय तर झाडायचा कसा?”

“झाडायचा नाही. लांब राहायचं. अजून वेळ आहे, मास्तर. पण एकदा जोराचा धूर छातीत गेला, तर मग माझ्या हातात फार राहणार नाही. लक्षात ठेवा.” हे शेवटचं ते मला म्हणाले. घरातला शिकलेला मी होतो.

परतीच्या गाडीत वहिनी हसत होती. “लांब म्हंजी कुठं जायाचं वो, भावजी? म्हायारी इंदापूरला गेलं तर तितंबी हेच.” मी गॅसचा नंबर लावला. तेव्हा गॅस मिळायला वर्षं लागत. तोवर चूल बाहेर पडवीत मांडली. एवढं केलं आणि मला वाटलं मी माझं काम केलं.

त्याच हंगामात आमचा ऊस अडकला. अडीच एकर आडसाली, म्हणजे दीड वर्षाचा, होता, वस्तीच्या वरच्या अंगाला. कार्तिकात त्याला तुरे आले. तुरा आला की वाढ थांबते, कांडं पोकळ पडायला लागतात. कारखान्याचा चिटबॉय, म्हणजे तोडणीची चिठ्ठी घेऊन येणारा माणूस, दर आठवड्याला सांगायचा, “पुढच्या आठवड्यात नक्की.” आजूबाजूची रानं तुटत गेली. आमच्या मागून लागण झालेली दोन रानंही तुटली. वस्तीची पाळी नेहमीच मागं पडते असं दादा म्हणायचा. ते खरं होतं की प्रत्येक मागं राहिलेल्या माणसाला तसं वाटतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

एका रविवारी दुपारी दादानं मला रानात बोलावलं. आम्ही बांधावर बसलो. समोर सगळा पांढरा तुरा हलत होता.

“पेटवायचा,” तो म्हणाला.

मी मान डोलावली.

“अर्ज तू लिव्ह. माझ्या अक्षराला कोण विचारतंय. तारा घासल्या म्हण. वर लाईटीच्या तारा हायतच.”

“हो.”

“आन एक सांग. शेजारच्या रानात जाता कामा न्हाय. वारं सुटलं तर आपल्यासंगं तिघांचा जाईल, मग गावात राहायला नको. तू भूगोल शिकवतोस न्हवं? वारं कवा पडतं?”

मी सांगितलं, पहाटे. थंडीत साडेपाच ते सात वारा पूर्ण पडलेला असतो, ऊन वर आलं की मग सुटतो. हे सांगताना मला बरं वाटलं. शेतीतलं काही दादानं मला विचारावं, असं त्यापूर्वी कधी झालं नव्हतं. त्यानं शाळा सोडली म्हणून मी शिकलो होतो, आणि इतक्या वर्षांत माझ्या शिक्षणाचा त्याच्या रानाला पहिल्यांदा उपयोग होत होता. मी उठून उभा राहिलो आणि हात करून दाखवलं, आग कुठल्या कोपऱ्यातून लावली तर कशी आत आत येईल.

आणि त्याच क्षणी मला आठवलं. उशिरा आठवलं असं म्हणालो तर सोपं जाईल, पण तसं नव्हतं.

आठवडाभरापूर्वी मी नववीला तापमानाची विपरीतता शिकवली होती. थंडीच्या दिवसांत पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते. गार हवा जड असते, ती सखल जागी साचते, आणि तिच्यात सोडलेला धूर वर चढत नाही, पसरून खाली बसतो. फळ्यावर मी एक खोलगट दरी काढली होती, तळाशी घर, आणि घरावर आडवा पडलेला धुराचा पट्टा. मुलांना समजावं म्हणून उदाहरण दिलं होतं आमच्याच ओढ्याचं. “वस्तीवर सकाळी चुलींचा धूर कसा पडून असतो, पाहिलाय ना?” दुसऱ्या बाकावर माझी पुतणी बसली होती. तिनं मान हलवली होती.

म्हणजे वारा पडलेली पहाट रानाला सोयीची आणि वस्तीला सगळ्यात वाईट, हे मला ठाऊक होतं. मी दादाला तेवढंच म्हणालो, “वहिनीला दोन दिवस इंदापूरला धाडू या का?”

“कशाला?”

“धूर होईल.”

“आन म्हस? ती दुसऱ्याच्या हाताला पान्हा सोडत न्हाय. डेरीचं दूध कोण घालणार? दोन तासांचा खेळ हाय. आन तिला धाडायचं म्हंजी सांगायला पाहिजे. ती खोटं करू दील का?”

ती करू देणार नाही हे मलाही माहीत होतं. दारं लावून घरात बसायला तिला सांगता आलं असतं, पण तेही कारणासकट सांगावं लागलं असतं. दादाला विपरीतता माहीत नव्हती. मी सांगितली असती तर त्यानं कदाचित दुपारची वेळ धरली असती आणि शेजाऱ्यांना बोलावून बांध राखला असता, किंवा आणखी पंधरा दिवस थांबला असता. मी सांगितली नाही, कारण मग मी दिलेलं उत्तर चुकीचं ठरलं असतं. इतकं लहान कारण होतं ते.

अर्ज मी त्याच संध्याकाळी लिहिला. ‘विजेच्या तारांचे घर्षण होऊन ठिणगी पडल्यामुळे’. तारखेची जागा कोरी ठेवली.

मंगळवारी पहाटे दादानं वरच्या कोपऱ्यात काडी लावली. मी खालच्या बांधावर ओली पोती आणि कडुलिंबाच्या फांद्या घेऊन उभा होतो. सांगितल्याप्रमाणे वारा पडलेला होता. पान हलत नव्हतं. पाचट धडधडायला लागलं, कांडी फुटल्याचे आवाज येऊ लागले, आणि जाळ उभा, सरळ, अगदी माझ्या चित्राप्रमाणे आत आत येत गेला. शेजारच्या रानाला धग लागली नाही. धूर बाभळीच्या उंचीइतका वर गेला, तिथं थबकल्यासारखा झाला, आणि मग उताराला लागून वस्तीकडं सरकू लागला. पांढरट, जाड, काहीही घाई नसल्यासारखा. ओढ्याच्या पलीकडं बीडकडच्या तोडणी कामगारांच्या सात-आठ कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, होत्या. आधी त्या दिसेनाशा झाल्या, मग आमच्या वस्तीचे पत्रे, मग गोठा.

गोठा माझ्यापासून तीनशे पावलांवर होता. त्या वेळी वहिनी धारेला बसते हे मला माहीत होतं. तिला उठवून धुरातून चढावर नेता आलं असतं. बांध सोडता येत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. बांधावर तेव्हा करण्यासारखं काहीच नव्हतं. आग चांगली वागत होती.

ऊन आल्यावर मी खाली गेलो. वहिनी गोठ्याच्या दारात भिंतीला टेकून बसली होती. चरवी मांडीत, आणि चरवीवर पदर घट्ट ओढून धरलेला. दुधात काजळी पडू नये म्हणून तिनं पदर दुधावर धरला होता आणि स्वतःचं तोंड उघडं ठेवलं होतं. शेवटपर्यंत धार काढली होती. डोळे लाल झाले होते आणि श्वास घेताना गळ्याखालची खळगी आत ओढली जात होती.

“कुणाचा पेटला?” तिनं विचारलं.

“आपला. तारा घासल्या.”

तिनं कपाळाला हात लावला. “पोटच्या पोरावानी जपला व्हता वो ह्यांनी,” ती म्हणाली, आणि खोकल्यामुळं पुढचं बोलता आलं नाही. तिला दादाची काळजी वाटत होती. मी चरवी घेतली आणि दूध डेरीला घालून आलो. त्यावर काजळीचा एक कण नव्हता.

दहा वाजता मी गट ऑफिसात गेलो. तिथला अधिकारी अर्ज वाचून हसला. “अक्षर काय सुंदर आहे, मास्तर. या वर्षी तारांना एकमेकींची लई ओढ लागलेली दिसतीय. हा सातवा.” ऑफिसातले बाकीचे दोघे हसले, मीही हसलो. त्यानं शिक्का मारला.

संध्याकाळी तोडणीच्या टोळीचा मुकादम दादाकडं आला. त्याच्या कोप्यांतल्या दोन बायका आणि एक तान्हं पोर दिवसभर खोकत होतं, निम्मी टोळी कामावर गेली नव्हती. जळालेल्या उसाला शेंड्याचं हिरवं वाढं राहत नाही, आणि त्यांच्या बैलांना तेच वाढं वैरण असतं. “आबा,” तो दादाला म्हणाला, “ऊस तुमचा जळाला आन खोकतोय आमी. बैल बी उपाशी. तुमच्या तारंला सांगा, पुढच्या टायमाला जरा इचारून घासत जा.” दादानं त्याला चहा पाजला. ती माणसं पुढच्या महिन्यात टोळीबरोबर दुसऱ्या गावाला गेली. ते पोर खोकतच गेलं. त्याचं पुढं काय झालं ते मला ठाऊक नाही, आणि मी कधी विचारलंही नाही.

चौथ्या दिवशी ऊस तुटून कारखान्याला गेला. त्याच दिवशी वहिनीला पाठ टेकून झोपता येईना. आम्ही तिला जीपमध्ये घालून बारामतीला नेलं. त्याच डॉक्टरांनी दाखल करून घेतलं. “धूर कुठला?” त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं. मी म्हणालो, “ऊस पेटला. तारा घासल्या.” त्यांनी चष्मा काढून पुसला. हसले असते तर बरं झालं असतं.

ती घरी आली, पण अर्धीच आली. भरली चरवी उचलता येईना. चार पावलं चढ चढली की थांबायची आणि कुणी पाहू नये म्हणून बांगड्या सारख्या करायची. भांगलणीची टोळी दुसरीच्या हाती गेली. एक म्हैस विकली. दुसरी, ती जी दुसऱ्या हाताला पान्हा सोडत नव्हती, ती पुतणीच्या हाताला सोडायला शिकली. त्यासाठी पुतणीला पहाटे चारला उठावं लागे, मग स्वयंपाक, मग आईला वाफ, मग दादाची न्याहारी. शाळेची घंटा होईपर्यंत तिचं निम्मं काम राहिलेलं असे. आधी ती उशिरा यायला लागली, मग दिवसाआड, मग येईना.

मी नववीचा वर्गशिक्षक होतो. रोज हजेरी घेताना तिच्या नावापुढं गैरहजरीची खूण मी करत असे. एका हाकेवर ओ यायची सवय झालेलं नाव. नियमाप्रमाणे ते पटावरून कमी करायची वेळ आली तेव्हा तेही मीच केलं, लाल शाईनं, पट्टी धरून. वडलांचं ते एक वाक्य माझ्या हातून असं खोटं पडलं.

त्या दिवशी घरी आल्यावर मी गोठ्यात गेलो. ती शेण भरत होती. मी म्हणालो, “बाहेरून परीक्षेला बसता येतं. मी शिकवतो रात्री. असं सोडून द्यायचं नाही.”

“व्हय,” ती म्हणाली आणि पाटी उचलली.

“मनापासून सांग.”

तिनं पाटी खाली ठेवली. “तात्या, काय शिकवणार? थंडीत धूर खाली बसतो, ते? ते मला आलंय. चित्रासकट.”

मी तिच्याकडं बघू शकलो नाही.

“मी बाबांचं आन तुमचं बोलणं ऐकलं न्हाय,” ती म्हणाली. “पर तारा घासल्या तर त्या पहाटंच कशा घासल्या? वारा न्हवता. वाऱ्याबिगर तारा घासत न्हाईत, हेबी तुमीच शिकवलं असंल कवातरी.”

“आईला सांगितलंस?”

“मी कशाला सांगू? मी काय केलंय?” ती पाटी घेऊन उकिरड्याकडं गेली. ती पुन्हा शाळेत आली नाही. चार वर्षांनी तिचं लग्न झालं, इंदापूरकडं, लोणी देवकरला कारखान्यात कामाला असलेल्या मुलाशी. माझ्याशी ती नीटच वागत आली. पण काही विचारायचं असलं तर दुसऱ्याला विचारते.

‘मी काय केलंय?’ या तिच्या प्रश्नानं मला सोडलं नाही. आगीनंतर तिसऱ्या वर्षी मी वहिनीला सांगायचं ठरवलं. आम्ही डॉक्टरांकडून परत निघालो होतो, बारामतीच्या एसटी स्टँडवर गाडी लागायची होती. दुपार होती. वहिनीनं बोरांचा एक वाटा घेतला होता आणि पदरात धरून एकेक खात होती. मी तिच्या शेजारी बाकावर बसलो आणि सगळं सांगितलं. अर्ज, वेळ, फळ्यावरचं चित्र, म्हशीवरून झालेलं बोलणं, बांधावर उभं राहणं. काही झाकलं नाही. मला वाटलं, आता ती रागावेल किंवा रडेल, किंवा म्हणेल, जाऊ द्या भावजी.

तिनं तोंडातली बी हातावर घेतली आणि बाकाखाली टाकली. “पोरीला ठावं हाय?”

“आहे.”

“कवापास्नं?”

“पहिल्यापासून.”

ती बराच वेळ श्वास जुळवत राहिली. मग म्हणाली, “तीन वर्सं ती माझ्या उशाला बसून वाफ देतीया. एक सबुद न्हाय बोलली.” आणि थोड्या वेळानं: “तुमी का सांगितलंत?”

“मला राहवलं नाही.”

“तुमचं हलकं झालं असंल. आता मी घरी जाऊन ह्यांना भाकरी वाढणार. त्यांच्याकडं बघणार. त्यांनी इचारलं, काय गं, काय झालं, तर काय सांगू?” ती हे रागानं बोलत नव्हती. खरोखर विचारत होती. “मला त्या पहाटंचा राग न्हवता वो. तारंवर कोण रागावतं? आता कुणावर तरी रागवावं लागणार. एवढा दम हाय का माझ्यात?”

मी म्हणालो, “माझ्यावर रागवा.”

“तुमच्यावर रागवायला तुमाला भाकरी बांधली न्हवती मी.”

गाडी लागली. चढताना तिनं माझा हात धरला, कारण पायरी उंच होती. आत बसल्यावर तिनं उरलेली बोरं माझ्या पिशवीत टाकली आणि म्हणाली, “ह्यांना कळू दिऊ नका, मला कळलंय ते. म्हातारपणी त्यांना तेवढं नको. ते जिते हायत तवर न्हाय.” मी कबूल केलं. तिनं दादाशी नंतर कधी वाकडं बोललेलं मी ऐकलं नाही. पण त्यानं पाणी मागितलं तर ती तांब्या पूर्वीसारखा हातात द्यायची नाही, शेजारी ठेवायची. दादाला ते दिसलं की नाही ते माहीत नाही. मला रोज दिसायचं.

त्यापुढच्या हंगामात ती गेली. त्या आठवड्यात ओढ्यापलीकडं, खालच्या आळीला, वरच्या मळ्यात, तिन्हीकडं पाचट पेटलेलं होतं. आम्ही खिडक्यांना ओली लुगडी लावली होती. गॅस मिळून दोन महिने झाले होते.

जलदानविधीला लोक आले. इंदापूरहून तिचे भाऊ आले. “काय झालं व्हतं?” प्रत्येक जण विचारायचा, आणि दादा प्रत्येकाला सांगायचा, “दमा. थंडी बाधली.” पुतणी बायकांत बसली होती. तिनं एकदाच मान वर करून माझ्याकडं पाहिलं, मी काही बोलतो का ते बघायला. मी भिक्खूंच्या मागं वंदना म्हणत होतो. माझे उच्चार स्पष्ट आहेत असं लोक म्हणतात.

ती गेली त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात एका दुपारी दादा गोठ्यात दावं वळत बसला होता. मी पेपर तपासत होतो. त्यानं मान वर न करता विचारलं, “तिला कळलं व्हतं का रं?”

“काय?”

“ते.” त्यानं रानाकडं बोट केलं. “मला कवाकवा वाटायचं, कळलंय म्हणून. तांब्या खाली ठेवायची.”

मी पेपरवर खूण केली, मग खोडली. “नाही,” मी म्हणालो. “दम लागायचा, दादा. हात पुढं करून तांब्या धरवत नव्हता तिला.”

त्यानं ते ऐकून घेतलं. दाव्याचा पीळ मांडीवर पुन्हा एकदा वळला. “व्हय,” तो म्हणाला. “तेच असंल. न्हायतर तू सांगितलं असतंस.”